टिचकी

तिने नोंदवहीचं पान खिडकीच्या उजेडासमोर तिरपं धरलं. पानाच्या मागच्या अंगाला पेनाचा दाब उमटला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखाच. एका बैठकीत लिहिलेल्या अक्षराला असा दाब असतो. अख्खा आठवडा, दिवसाच्या तीन पाळ्या, तीन वेगवेगळ्या सिस्टरांची आद्याक्षरं, आणि अक्षर मात्र एकाच हाताचं. शाईही तीच, जरा जांभळ्याकडे झुकलेली.

"चहा आणू का, मॅडम?" छोट्या सिस्टरने दारातून विचारलं.

"नको. ही वही कोण लिहितं?"

"वॉर्ड लिहितो."

"वॉर्डाला हात असतात का?"

छोटी सिस्टर हसली. हसायचं नव्हतं हे लक्षात आल्यावर तिने रिकामा ट्रे उगाचच पाठीमागे लपवला आणि निघून गेली.

भिंतीपलीकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड होता. काचेच्या नऊ पेट्या, प्रत्येकीत मूठभर जीव. ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. विसरतात म्हणजे अक्षरशः विसरतात; चाललेला श्वास मध्येच थांबतो आणि कोणीतरी तळपायाला टिचकी मारेपर्यंत थांबून राहतो. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने त्यासाठी एक मोजा बनवला होता. श्वास थांबला की दहाव्या सेकंदाला मोज्यातलं बटण तळपायावर आपोआप टकटक करतं. अर्जावर त्याचं नाव होतं 'श्वासस्मारक'. गेलं वर्षभर या वॉर्डात तो रोज वापरला जातो, असा अर्जाचा दावा होता.

दावा खरा की खोटा हे बघायला ती आली होती. विद्यापीठातल्या ज्या संशोधकांचं उपकरण कागदावरून उठून खरोखर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलं, त्यांचा सन्मान करणाऱ्या संस्थेत ती पडताळणी करायची. समिती अर्ज वाचायची, ती जागेवर जाऊन बघायची. न कळवता जायचं, असा नियम होता. यंदा या प्राध्यापकाचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. सन्मान मिळाला तर विद्यापीठ हा मोजा आणखी चाळीस रुग्णालयांसाठी बनवणार होतं, तसं लेखी पत्रच अर्जाला जोडलेलं होतं. नाही मिळाला तर प्राध्यापक सहा महिन्यांनी निवृत्त, आणि मोज्याची फाईल कपाटात.

मागच्या वर्षी तिने असाच एक फॉर्म भरला होता. सगळ्या रकान्यांत 'होय'. सत्कार झाला, शाल झाली, फोटो झाला, आणि महिनाभराने उघडकीला आलं की ती यंत्रं खोक्यांतून बाहेर निघाली ती फक्त तिच्या भेटीच्या सकाळी. सहीखाली तिचं नाव होतं. तेव्हापासून कार्यालयात तिला 'भिंग' म्हणायला लागले. आधी टोमणा म्हणून म्हणायचे. मग ती खरंच तशी वागायला लागली, तेव्हा कौतुकानेही म्हणायला लागले. बाळंतपणाच्या रजेनंतरची ही तिची पहिलीच पडताळणी.

आणि इथे पाऊल ठेवल्यापासून तिला सगळंच खटकत होतं.

फाटकावरच्या रखवालदाराला तिने विचारलं होतं, "श्वासस्मारक बसवलेला वॉर्ड कुठला?" तो म्हणाला, "स्मारक इथे नाही, बाई. ते चौकात." वॉर्डाच्या दाराशी छोट्या सिस्टरला विचारलं, तर तिनेही ते नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. वर्षभर रोज हाताळलेल्या वस्तूचं नाव माहीत नाही? मग शेजारच्या छोट्या खोलीच्या दाराच्या काचेतून तिला पांढऱ्या केसांचा एक माणूस दिसला. कपाटाचं दार अर्धवट उघडून त्याने आतून काहीतरी पांढरं, लांबट सोलून काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. ती आत जाईपर्यंत कपाट बंद झालं होतं. तोच माणूस समोर येऊन नमस्कार करून म्हणाला, "मी तो मोजेवाला." न कळवता आलेल्या भेटीला अर्जदार आधीच हजर.

आणि आता ही वही. तिच्यात मधूनमधून ओळी सुटलेल्या होत्या. छापील तारीख आहे, छापील पाळी आहे, पुढे कोरं. तिने पेन्सिलीने टिंबं देत मोजल्या. वर्षभरात एकतीस.

साडेअकराला तिने घरी फोन लावला.

"प्यायला," सासूबाईंनी 'हॅलो'च्या आधीच सांगितलं. "दहाला. वाटीभर. मग झोपला, पावणेअकराला उठला. लिहिलंय सगळं तुझ्या वहीत."

"शी?"

"तीही लिहिलीय. रंगासकट."

"सरकला का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"छे गं. नुसता झुलतोय."

चार दिवस तो हातागुडघ्यांवर उभा राहून पुढेमागे झुलत होता, निघू की नको अशा बेतात. रोज सकाळी घर सोडताना ती त्याच्या कानात सांगायची, मी आल्याशिवाय निघायचं नाही हं. आठ महिन्यांच्या मुलाला हे कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. वही तिनेच आणून दिली होती. वेळ, दूध, झोप, शी-शू, इतर, असे पाच रकाने आखून. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "ऑफिसात तपासतेस ते पुरत नाही वाटतं." म्हणाल्या हसूनच, पण म्हणाल्या. कालच रात्रीच्या जेवणाआधी तिने ती वही चाळली होती आणि दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच कलाने लिहिलेल्या दिसल्या होत्या. तिने वही मिटून ठेवली होती.

फोन ठेवून ती उठली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दूध दाटून आलंय. तिने फाईल छातीशी धरली. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. त्यांनी फाईलकडे पाहिलं, फाईल धरायच्या पद्धतीकडे पाहिलं.

"डावीकडे वळलात की दुसरी खोली," त्या म्हणाल्या. "आत दूध काढायचं मशीन आहे, धुतलेल्या बाटल्या आहेत. दाराला कडी घट्ट बसते, जरा वर उचलून लावा."

ती गेली. ही बाई आपल्याला वहीपासून दूर करतेय, असा विचार वळणावर मनात आलाच. पण छाती ठणकत होती आणि वही तिने फाईलमध्येच घेतली होती.

खोलीत आधीच एक मुलगी बसली होती. पंचविशीची असेल, केस कसेतरी बांधलेले, मनगटाला रुग्णालयाचा पट्टा. तीही शेजारी मशीन लावून बसली.

"तुमचं कितवं?" मुलीने विचारलं.

"पहिलं. घरी आहे. आठ महिन्यांचा."

"माझं चार नंबरच्या पेटीत. आज एकेचाळीसावा दिवस." तिने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "एवढंसंच येतं बघा. पण त्यालाही एवढंसंच लागतं."

"त्याच्या पायाला मोजा लावलाय का? तळपायाला टकटक करतो तो?"

"टिचकी? हो, लावलीय की. सगळ्यांनाच आहे."

तर नाव हे होतं. तिचा हात मशीनवर थोडा सैल पडला.

"चांगली चालते का?"

मुलीने दाराची कडी लागलीय की नाही हे बघून घेतलं.

"चालते. एकदा मात्र चालली नव्हती. तेरा तारखेला दुपारी. मी काचेशीच होते. पेटीवरचा आकडा खाली येतोय, छाती हलत नाहीय, आणि टिचकी नुसती पायात बसून. मी ओरडणार होते, पण तोंडातून आवाजच फुटेना. मोठ्या सिस्टर कुठून आल्या देव जाणे. हात घालून बोटाने टिचकी मारली, पाठ चोळली, तेव्हा रडला. पहिल्यांदा मी त्याचं रडणं ऐकलं ते त्या दिवशी." तिने बाटलीला बूच लावलं. "माझं नाव सांगू नका हं कुठे."

मुलगी गेल्यावर तिने मांडीवरच वही उघडली. तेरा तारीख. सकाळची पाळी भरलेली, तिसरी पाळी भरलेली. दुपार कोरी.

बाकीच्या तीस कोऱ्या ओळीही मग तिला दिसायला लागल्या, तशाच. यंत्र चाललं तेवढं लिहायचं, चुकलं ते कोरं सोडायचं. आणि वर सुवाच्य अक्षर. तिने कपडे नीट केले, कडी वर उचलून काढली, बाटली पर्समध्ये उभी ठेवली. आता तिची पावलं वेगळी पडत होती.

वॉर्डाबाहेरच्या छोट्या खोलीत मोठ्या सिस्टर इवले इवले मोजे वाळत घालत होत्या, एका ओळीत, चिमट्यांना लावून. टेबलाजवळच्या बुटक्या स्टुलावर प्राध्यापक बसले होते. छोटी सिस्टर औषधांच्या बाटल्या मांडत होती.

"श्वासस्मारक म्हणजे हेच ना?" तिने विचारलं.

"तो शब्द इथे घेऊ नका, मॅडम," मोठ्या सिस्टर न वळता म्हणाल्या.

"का? अर्जावर तोच आहे."

"सरांना म्हणायचं होतं स्मरण करून देणारं. शिकलेली माणसं शब्दाकडे एकाच बाजूने बघतात. पहिल्याच दिवशी एका बाळाच्या आजोबांना सरांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तुमच्या नातवाला आम्ही स्मारक लावतोय. म्हातारा जागच्या जागी मटकन खाली बसला."

"पाणी मारावं लागलं होतं," छोटी सिस्टर बाटल्यांकडे बघत पुटपुटली.

"मी शब्दकोशात बघून ठेवलं होतं," प्राध्यापक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

तिला हसू आलं नाही. येऊ दिलं नाही.

"तेरा तारखेला दुपारी चार नंबरच्या पेटीत काय झालं?"

मोठ्या सिस्टरांनी हातातला मोजा चिमट्याला लावला आणि मग वळल्या.

"टिचकी चुकली. मी हाताने मारली."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने वही उघडून टेबलावर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवून.

"इथे नाही."

"नाही."

"अशा एकतीस जागा आहेत. वही एका हाताची आहे, एकेक पान एका बैठकीत लिहिलेलं आहे, आणि जिथे यंत्र चुकलं तिथे कोरी आहे. मी यातून काय समजायचं?"

छोट्या सिस्टरने बाटली खाली ठेवली. "अक्षर माझं आहे, मॅडम. मोठे डॉक्टर म्हणाले, समितीला दाखवायची आहे, सुवाच्य पाहिजे. म्हणून मी दर आठवड्याला बसून उतरवते."

"कशावरून?"

उत्तर द्यायच्या ऐवजी छोट्या सिस्टरने कपाटाचं दार पूर्ण उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या. जखमेवर लावतात त्या, बोटभर लांब. वरपासून खालपर्यंत, एकीखाली एक. काहींवर अक्षर होतं, काहींवर खरडलेलं, एकीवर औषधाचा पिवळा डाग. 'सकाळ. २ नं. तीनदा. लगेच उठलं.' 'दुपार. ७ नं. एकदा. ६ नं. दोनदा, मोजा ओला, बदलला.' 'आज कोणीच विसरलं नाही.'

"बाळ हातात असताना वही कोण उघडणार?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पट्टी अंगावर चिकटवायची, जाता जाता खरडायचं, पाळी संपली की इथे डकवायची. एका पाळीची एक पट्टी. सगळ्या वॉर्डांत असंच चालतं. लिहून कोणी ठेवत नाही, की असं चालतं."

"मग तेराची दुपार कुठे आहे?"

ती प्राध्यापकांकडे वळली.

"सकाळी तुम्ही इथून काहीतरी काढून खिशात घातलंत."

"हो," ते म्हणाले. त्यांनी खिशातून एक पट्टी काढली. ती त्यांच्या बोटाला चिकटली, दुसऱ्या हाताने सोडवायला गेले तर त्या बोटाला. शेवटी छोट्या सिस्टरने सोडवून दिली. "आज माझा यायचा दिवस आहे. दर आठवड्याला येतो, चुकलेल्या असतील तेवढ्या घेऊन जातो."

"घेऊन जाता."

"घरी. बरोबर चाललं ते इथे राहिलं तरी चालतं. मला त्यातून काही शिकायला मिळत नाही."

त्यांनी स्टुलाखालच्या पिशवीतून एक जाडजूड वही काढली. पानापानावर एकेक पट्टी चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. पट्टीखाली पेन्सिलीने बारीक लिहिलेलं. तिने स्वतःच पानं उलटून तेरा तारीख शोधली. 'दुपार. ४ नं. टि. वाजली नाही. हाताने. रडलं.' खाली: 'मोज्याचा काठ आत दुमडला, बटण टाचेकडे सरकलं. शिवण बाहेरून घ्यावी.' आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी: 'नऊही मोजे उसवून शिवले. बघू.'

तिने दोरीवरच्या मोज्यांकडे पाहिलं. सगळ्यांची शिवण बाहेरच्या बाजूला होती, उलटे घातल्यासारखी.

तिने वहीतल्या पट्ट्या मोजल्या. एकतीस. सुरुवातीच्या पानांवर तारखा एकमेकींना चिकटून होत्या. मग दूर दूर गेल्या होत्या. तेराच्या पट्टीनंतर जवळजवळ महिना कोरा, आणि शेवटी आजची, अजून न चिकटवलेली, बत्तिसावी. तिची ओळ पक्क्या वहीत अजून यायचीच होती.

"ही वही अर्जाला का नाही जोडली?"

"रकाना नव्हता," प्राध्यापक म्हणाले. "यशाचे पुरावे, असा होता. अपयशाचे, असा नव्हता."

"आणि तुम्ही नेलेल्या पट्ट्या पक्क्या वहीत उतरत नाहीत, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

प्राध्यापकांनी छोट्या सिस्टरकडे पाहिलं, छोट्या सिस्टरने मोठ्या सिस्टरांकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच गोष्ट एकाच वेळी उजाडत होती.

"अगं बाई," मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या. "म्हणजे वही बघणाऱ्याला वाटणार, आपण लपवलं."

"मला तेच वाटलं."

पलीकडे वॉर्डात काहीतरी बारीक टकटकलं. पाखराने चोचीने काचेला शिवावं तसं, तीनदा. तिघांचीही मान एकदम वळली. मोठ्या सिस्टर दाराच्या काचेपर्यंत गेल्या, थोडं थांबल्या, परत आल्या.

"दोन नंबर," त्या म्हणाल्या. "उठली." आणि खिशातल्या रिळाची पट्टी दाताने तोडून त्यांनी स्वतःच्या बाहीवर चिकटवली.

फॉर्म तिने तिथेच टेबलावर भरला. उपकरण वापरात आढळले काय: होय. कर्मचाऱ्यांना हाताळता येते काय: होय. सहाव्या रकान्याशी पेन थांबलं. 'सर्व नोंदी एकाच नोंदवहीत, वेळच्या वेळी केलेल्या आढळल्या काय?' उत्तर 'नाही' होतं. एकही 'नाही' आलं की अर्ज बाद. त्यात समितीलाही काही करता येत नव्हतं. आणि 'होय' तिने मागच्या वर्षी लिहून बघितलं होतं.

मोठ्या सिस्टर मोज्यांकडे तोंड करून उभ्या होत्या, पण शेवटचा चिमटा केव्हाच लावून झाला होता.

"काय ते खरं लिहा," प्राध्यापक म्हणाले. "आम्ही चुकलोच. मोजे काय, आहेत ते नऊ चालतील."

"चाळीस ठिकाणी नाही चालणार," छोटी सिस्टर म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता.

तिने पेनाला टोपण लावलं.

"झालं?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"एक रकाना कोरा राहिलाय."

"विसरलात?"

"नाही. कोरा रकाना असलेला फॉर्म समितीला निकालात काढता येत नाही. पडताळणीला गेलेल्या माणसाला समोर बोलवून विचारावं लागतं, का कोरा ठेवलात म्हणून." तिने फाईल बंद केली. "सात वर्षांत मी एकदाही कोरा ठेवला नव्हता. बोलावतील. सर, ही जाड वही मला द्याल का? परत आणून देईन."

प्राध्यापकांनी वही दोन्ही हातांनी उचलली आणि द्यायच्या आधी क्षणभर तशीच धरून ठेवली.

"पट्ट्या निघतात," ते म्हणाले. "जरा उन्हात धरू नका."

घरी पोचायला सहा वाजले. बस भरलेली होती. सगळ्या वाटेवर तिने पर्स उभी धरली होती, एका बाजूला बाटली, दुसऱ्या बाजूला वही. दार उघडंच होतं. सासूबाई ओट्याशी होत्या, पाठ करून. बाळ चटईवर खेळण्यांच्या राशीत बसलं होतं. तिला पाहताच त्याने हातातला चमचा टाकून दिला आणि सगळ्या अंगाने हसलं.

"हात धू आधी," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यातून आलीस ना."

तिने हात धुतले, कपडे बदलले आणि त्याला घेऊन खिडकीपाशी बसली. तो घाईघाईने प्यायला लागला. प्यायची घाई झाली की तो एका हाताने तिच्या गळ्यातली चेन धरायचा, आजही धरली.

आखलेली वही खिडकीच्या कट्ट्यावर होती. तिने मोकळ्या हाताने सहज पान उलटलं. आजची तारीख. सकाळी दहा, वाटीभर. पावणेअकरा, उठला. एक, भात, अर्धा सांडला. दोन, झोप. पाच, दूध, शी. अक्षर एकाच कलाचं, एकाच शाईचं.

मध्ये 'चार' एवढी वेळ लिहिलेली होती आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं. उरलेले चारही रकाने कोरे.

ती विचारायला तोंड उघडणार होती. तेवढ्यात तो प्यायचा थांबला आणि पाय वर घेऊन स्वतःचा अंगठा शोधायला लागला. त्याचे गुडघे तिच्या डोळ्यांसमोर आले. दोन्ही गुलाबी झाले होते, घासल्यासारखे, आणि डाव्या गुडघ्याच्या घडीत चटईचा एक हिरवा धागा अडकला होता. तिने त्याची मूठ उघडून पाहिली. तळहात दारापाशी असते तसल्या धुळीने करडा. चटई दारापासून सात-आठ पावलं लांब होती.

तिने धागा काढला आणि बोटांत धरून ठेवला. स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज येत होते. मघापासून जरा जास्तच येत होते.

मग तिने त्याला चटईवर पालथं ठेवलं आणि स्वतः चार हात लांब जाऊन बसली. तो हातागुडघ्यांवर उभा राहिला, एकदा झुलला, आणि निघाला. अडखळला नाही, थांबला नाही, सराईतासारखा सरळ तिच्या पर्सच्या दिशेने.

"अगंबाई, सरकला की गं!" सासूबाई ओरडल्या.

त्यांचं तोंड अजून ओट्याकडेच होतं. वळल्या त्या नंतर, पदराला हात पुसत, आणि तिच्याकडे न बघता नातवाकडेच बघत राहिल्या.

"बघ, तू यायचीच वाट बघत होता. पहिल्यांदाच."

तो येऊन तिच्या मांडीवर आपटला. तिने त्याला उचलून जवळ घेतलं, सासूबाईंकडे तोंड करून बसवलं.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

आणि त्याचे दोन्ही गुडघे तिने तळहातांनी झाकून घेतले.